उभ्या गाडीचा दर

दोन जून १९८१ रोजी रूपराव इखार यांच्या हाती मे महिन्याचे एकशे त्र्याऐंशी रुपये चाळीस पैसे उरले. रेल्वेचं बिल तेराशे चौसष्ट रुपयांचं निघालं होतं. त्यातून डिझेलचे तीनशे ऐंशी रुपये साठ पैसे, जोडीचा ड्रायव्हर नत्थूजी याचा तीनशे पगार आणि जीपचा बँकेचा हप्ता पाचशे वजा जाता एवढेच राहिले.

रूपरावांनी दोनदा बेरीज केली, दोनदा वजाबाकी केली आणि मग कागद भागीरथाबाईंसमोर सरकवला. त्या भाकरी थापत होत्या. पिठाचा हात तसाच ठेवून त्यांनी आकडा पाहिला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अजी, हे पंधरा दिवसाचे हायेत काय?"

"महिन्याचे."

"महिन्याचे? अन् जीप तं एक दिवस घरी नाई राह्यली! मी पोराले सांगून राह्यली का बाप कमावून राह्यला म्हणून तुले दिसत नाई. तं हे कमावून राह्यले तुमी?"

रूपरावांनाही हेच विचारायचं होतं, फक्त कोणाला ते कळत नव्हतं. गाडी रोज बाहेर होती, ते आणि नत्थूजी आलटून पालटून रोज बाहेर होते, आणि पैसे मात्र कुठे गेले याचा पत्ता नव्हता. असंच आणखी वर्षभर चाललं असतं तर हप्ता चुकला असता आणि जीप बँकेने ओढून नेली असती. बेचाळीस वर्षांच्या माणसाने परत दुसऱ्याच्या ट्रकवर जायचं, एवढंच मग हाती उरलं असतं.

रूपराव मूळचे वडनेरचे. घरची शेती थोरल्या भावाकडे, आणि हे चौदा वर्षं हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या ट्रकवर. कापसाच्या गाठी वाहून कंबर धरली तेव्हा त्यांनी वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत दोन खोल्या घेतल्या आणि १९७९ च्या दिवाळीआधी बँकेचं कर्ज काढून डिझेल इंजिन बसवलेली जुनी जीप घेतली. पहिल्यांदा ती केळझरच्या गणपतीला नेली, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी ती रेल्वेच्या कामावर लागली.

हे काम काय होतं ते सांगायला हवं, कारण बोरगावातही बऱ्याच जणांना वाटायचं की रेल्वेच्या माणसाला जीप कशाला, तो रेल्वेनेच का जात नाही. वर्ध्याला दोन मोठे मार्ग मिळतात, मुंबई-कलकत्त्याचा आणि दिल्ली-मद्रासचा. डाकगाड्या, पॅसेंजर, कोळशाच्या मालगाड्या, सगळ्यांना त्याच रुळांवरून जायचं. डाकगाडी आली की मालगाडीने बाजूच्या लूप लाइनीत जाऊन उभं राहायचं. एक गेली की दुसरी येते. मालगाडी चार तासांच्या वाटेला बारा तास घेते. इकडे ड्रायव्हर आणि गार्ड यांच्या कामाला दहा तासांची मर्यादा. दहा तास भरले की ते पुढच्या स्टेशनपर्यंत गाडी आणतात, लूपमध्ये लावतात आणि आमच्या जागी दुसरे पाठवा म्हणून सांगतात. मग वर्ध्याहून ताजी माणसं त्या आडगावच्या स्टेशनवर पोहोचवायची आणि थकलेली परत आणायची. ती वाहतूक रूपरावांची जीप करायची. म्हणजे लाइनीवर जेवढी गर्दी, तेवढ्या जीपच्या फेऱ्या. रूपरावांनी जीप घेतली ती याच हिशेबावर, आणि हिशेबात चूक काहीच नव्हती.

चूक झाली ती टेंडर भरताना.

टेंडरच्या कागदावर दोन रकाने होते. एकात किलोमीटरचा दर लिहायचा, दुसऱ्यात थांबण्याचा, दर तासाला इतके. बिलं पाहणारे कारकून बंडोपंत समोर बसले होते. सगळ्यांशी नीट बोलणारा, टोपी कधी न काढणारा माणूस. रूपरावांनी पहिल्या रकान्यात एक रुपया दहा पैसे लिहिलं आणि कागद परत केला.

"हा दुसरा रिकामा राहिला," बंडोपंत म्हणाले.

"तो राहू द्या."

"राहू देऊन कसं चालेल? काहीतरी भरा. तीन रुपये, चार रुपये."

"कायचे चार रुपये? बसल्याचे? बंडोपंत, मी मानूस हावो का भाड्याची खाट हावो? गाडी चालली तं पैसे. सावलीत बसून राह्यलो त्याचेबी पैसे मागू? लोक हासतील मले."

"लोकांना कोण दाखवतंय हा कागद?"

"मले तं दिसते नं!"

यात हट्ट नव्हता. वडनेरात इखारांची दमणी होती, हलकी, दोन बैलांची, लग्नासाठी आणि माहेरवाशिणी पोहोचवण्यासाठी गावभर मागणी असलेली. रूपरावांचे वडील वासुदेवराव ती हाकायचे. जाण्यायेण्याचे ठरतील ते पैसे घ्यायचे, पण लग्नघरी दोन दिवस मुक्काम पडला तरी त्या दोन दिवसांचा पैसा कधी मागायचा नाही. मागणारा माणूस हलका. रूपराव हे पाहत वाढले होते. रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं, ठसठशीत, आणि वर सही केली.

त्या शून्यामुळे त्यांचं टेंडर सगळ्यांत खाली आलं आणि दोन वर्षांचं कंत्राट त्यांना मिळालं. बंडोपंतांनी अभिनंदन केलं, पण टेंडर फाइलला लावताना ते पुन्हा त्या शून्याकडे बघत राहिले.

पहिलं वर्ष बरं गेलं. गाडी लूपला लागली की कंट्रोलमधून, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खोलीतून, बोलावणं यायचं, जीप पोहोचायची, माणसं बदलायची आणि जीप परत. दिवसाला दोन-दोन फेऱ्या. खर्च वजा जाऊन हजार-अकराशे सुटायचे. भागीरथाबाईंनी शिलाई मशीन घेतली. मग १९८० च्या पावसाळ्यानंतर लाइन भरत गेली. वीजघरांना कोळसा हवा म्हणून गाड्या वाढल्या आणि रूळ होते तेवढेच राहिले. एका गाडीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, सिग्नलच्या बाहेर माळरानात उभी. रूपरावांना वाटलं, आता तर आपलं भलंच होणार. झालं उलटंच. जीप एका फेरीला गेली की तिथेच अडकायची. जिच्यासाठी माणसं आणली ती मालगाडी अजून दोन स्टेशनं मागेच असायची. थकलेली माणसं परत आणल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, त्यामुळे रिकामं परतणंही शक्य नव्हतं. चाळीस किलोमीटरच्या फेरीला दिवस जायचा. दोनाची एक फेरी झाली.

"लाइनच जाम हाये, तं कोनाले बोलाचं?" रूपराव नत्थूजीला म्हणायचे. गर्दी ही पावसासारखी आहे, तिला कोणी आणत नाही, असंच त्यांना वाटत होतं.

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला सकाळी सातला त्यांनी वर्ध्याहून तिघांना घेतलं. ड्रायव्हर प्रभाकरराव, त्यांचा सहायक, आणि गार्ड लक्ष्मणराव, जे वीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून जगाकडे उलटं बघत आल्यामुळे कशाचंच आश्चर्य करत नसत. पुढच्या सीटवर एक चौथा पाहुणा होता. हिशेब खात्यातले तपासनीस, माधवराव नावाचे, इस्त्रीचा सदरा घातलेले. माणसं बदलण्यावरचा खर्च दुप्पट का झाला ते पाहायला त्यांना वरून पाठवलं होतं.

सावळी रोडच्या स्टेशनला ते आठला पोहोचले. दोन्ही लूप भरलेल्या. त्यांची गाडी कुठे आहे विचारलं तर स्टेशन मास्तर म्हणाले, "अजून लांब आहे, मागे तिला दोन ठिकाणी उभं केलंय."

लिंबाखाली जीप लावली. दहा वाजले, बारा वाजले. डाकगाड्या धूळ उडवत गेल्या. पत्र्याच्या शेडची धग अंगावर येऊ लागली. लक्ष्मणरावांनी डबा उघडला आणि सगळ्यांना थोडीथोडी झुणका-भाकर दिली.

"साहेब, खा. आज संध्याकाळपर्यंत दुसरं काही नाही," ते माधवरावांना म्हणाले.

"पण तुम्ही गाडी येण्याच्या इतके आधी का आलात?"

"आलो कुठे? आणलं आम्हाला. हजेरी सातला लागली. गाडी असो नसो, आमचे दहा तास सातपासून चालू."

माधवराव चमकले. "म्हणजे हे बसणंसुद्धा त्या दहा तासांत?"

"मंग! बसनं काय फुकट असते काय साहेब?" प्रभाकरराव आडवे पडल्यापडल्याच म्हणाले, आणि सगळे हसले. रूपरावही हसले.

पाच वाजले. प्रभाकरराव उठले, तोंड धुतलं, आणि स्टेशन मास्तरांना जाऊन सांगितलं की आमचे दहा तास भरले, आमच्या जागी दुसरे मागवा. साडेपाचला त्यांची मालगाडी धापा टाकत लूपला लागली. गाडीतून जे तिघे उतरले ते पहाटेपासूनचे, डोळे लाल झालेले. त्यांनी इकडे पाहिलं.

"या, घ्या गाडी," त्यांच्यातला एक म्हणाला.

"आमचे भरले," प्रभाकरराव म्हणाले.

"कशाने भरले? तुम्ही इंजिनाला हात तरी लावला का?"

"आमी लिंबाखाली चालवली नं दिवसभर! दहा तास. बिना अपघात."

कोणी हसलं नाही. गाडीजवळ सहा माणसं उभी होती आणि तिला हलवणारा त्यांत एकही नव्हता. एक तुकडी चालवून थकली होती, दुसरी बसून. मागे सिग्नलबाहेर आणखी दोन गाड्या येऊन थांबल्याचं स्टेशन मास्तर फोनवर ओरडून सांगत होते. माधवरावांच्या तोंडाचा रंग उतरला होता. त्यांनी खिशातून कागद काढला, जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि भराभर आकडे मांडले. इंजिन अडकल्याचे इतके, डिझेलचे इतके, पन्नास-साठ डबे अडकल्याचे इतके, सहा माणसांचा पगार आणि जादा भत्ता.

"तासाला सातशे रुपये," ते हळूच म्हणाले. "एक गाडी एक तास उभी राहिली तर. आणि अशा तीन आहेत."

रूपराव खांद्यावरून पाहत होते. त्यांना वाटलं ऐकण्यात काही गडबड झाली. सातशे म्हणजे त्यांचा महिन्याचा हप्ता भागून वर दोनशे. तेवढे एका तासात, काही न करता, नुसतं उभं राहून!

"साहेब, गाडी चालून नाई राह्यली तरी पैसे लागते?"

"चालताना ती कमावते. उभी असते तेव्हा फक्त खाते. म्हणून आम्ही उभ्या मिनिटाचा हिशेब आधी ठेवतो. इंजिनाचा, डब्याचा, माणसाचा."

"अन् माह्या जीपचा?"

माधवरावांनी दुसरा कागद काढला आणि त्यावर बोट फिरवत खाली आले. "तुमच्यापुढे शून्य आहे," ते म्हणाले, आणि मान वर करून रूपरावांकडे असं पाहिलं की जणू सावळी रोडला त्या दिवशी पाहिलेली सगळ्यांत विचित्र गोष्ट हीच.

आठ माणसं त्या जीपमध्ये कोंबून रूपरावांनी वर्ध्याला आणली.

मे महिन्याचं बिल हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तीन जूनला, रूपराव बंडोपंतांकडे गेले. गेले ते कंत्राट सोडायला. आधी सोडलं तर हजाराचं डिपॉझिट जातं हे माहीत असूनही.

"बसा," बंडोपंत म्हणाले. "माधवरावांचा अहवाल आलाय. तुमचं नाव आहे त्यात."

"माहं? मी काय केलं?"

बंडोपंतांनी दार लोटून घेतलं. "पुलगावच्या बाजूला दुसरा कंत्राटदार आहे, माहीत आहे ना? त्याचा थांबण्याचा दर चार रुपये. त्याची जीप महिन्यात किती तास थांबली असेल?"

"लाइन तं तिकडेबी जाम हाये. थांबलीच असन लय."

"बावीस तास. तुमची किती, सांगू? दोनशे सत्तर."

रूपरावांनी बोटांवर हिशेब केला. दिवसाला जवळजवळ नऊ तास.

"कंट्रोलमधला माणूस काय करतो," बंडोपंत आवाज खाली आणून म्हणाले, "पुलगावची जीप बोलावली की चार रुपयांचं मीटर पडतं, त्याला वर जबाब द्यावा लागतो. म्हणून गाडी लूपला लागली की मगच तिकडचा फोन करतो. तुमच्या जीपला जबाब नाही. सकाळी उठल्याबरोबर तुम्हाला पाठवून देतो, म्हणजे त्याच्या डोक्याचा ताप गेला. गाडी येईल तेव्हा येईल. त्यात वाईट हेतू कोणाचा नाही, रूपराव. जे फुकट आहे ते माणूस सांडतोच."

"म्हंजे ते लाइनीनं नाई झालं?"

"लाइन जाम आहेच. पण तुम्ही जे लिंबाखाली बसता ना, ते लाइनीने नाही झालं. आणि तुमच्याबरोबर ड्रायव्हर-गार्डही बसून संपतात. मग दुसरी तुकडी, दुसरा पगार, गाडी उभीच. माधवरावांनी लिहिलंय, मे महिन्यात या एका कारणाने रेल्वेचे एकतीस हजार गेले."

आपले गेले हे रूपरावांना माहीत होतं, त्याचाच हिशेब मागायला ते आले होते. पण आपण लाजेखातर लिहिलेल्या एका शून्याने समोरच्याचेही एकतीस हजार जावेत? आयुष्यात त्यांनी कोणाचं चार आण्याचं नुकसान केलं नव्हतं. गाठ फुटली तर ट्रकमधला कापूस वेचून परत देणारा माणूस. त्यांना तिथे बसवेना. कंत्राट सोडायचं आहे हे सांगायचंच राहिलं.

"ऑक्टोबरात नवं टेंडर आहे," बंडोपंत मागून म्हणाले. "रकाना भरा. कृपा करा आमच्यावर."

ते चार महिने कसे काढले ते भागीरथाबाईंनाच माहीत. नत्थूजी जुलैत ट्रकवर निघून गेला, शिलाई मशीन दिवसभर चालू लागली आणि रूपराव एकटे जीप हाकत राहिले. पण रकाना भरण्याची गोष्ट काढली की ते उठून जीप पुसायला जायचे.

"इतकं नुकसान झालं तरी लाज सुटत नाई तुमची," भागीरथाबाई एकदा चिडून म्हणाल्या. "जा, आपल्या बापाले इचारून या. त्याइनच शिकवलं नं तुमाले!"

त्या टोमणा मारत होत्या, पण रूपराव खरंच वडनेरला गेले. वासुदेवराव पंच्याहत्तरीचे, ओसरीवर बाजेवर बसून सुतळी वळत होते. रूपरावांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने सुतळी खाली ठेवली.

"साल झालं तू तिथं बसून राह्यला?"

"हो."

"जेवाले कोन देते?"

"कोन देईन बाबा? घरून डबा नेतो."

"पानी?"

"नळ हाये तिथं."

"बैलाइले... तुया त्या जीपले तेल कोन देते?"

"मीच टाकतो नं."

वासुदेवराव पोराकडे डोळे विस्फारून बघत राहिले. आवाज चढला तेव्हा आतून सून बाहेर आली.

"अरे येड्या! लग्नात गेलो तं मले दोन टाइम पंगतीत बसवत होते! बैलाइले कडबा, ढेप. येता वक्ती धोतर नाईतं टोपी. मी बसल्याचे पैसे नाई मागले, काऊन का ते देऊन राह्यले होते! फुकट कोन बसलं? रेल्वे काय आपली सोयरी हाये? रेल्वेनं तुले कधी पंगतीत बसवलं?"

"नाई."

"मंग काऊन बसला तू?"

लहानपणापासून रूपराव दमणीच्या मागे बसून हेच पाहत आले होते, कडब्याची पेंढी त्यांनी स्वतः बैलांपुढे टाकली होती, नव्या टोप्या घरात खुंटीवर होत्या. आणि तरी त्यांनी त्यातून एवढंच उचललं की बाप पैसे मागत नाही.

ऑक्टोबरात त्यांनी किलोमीटरला तोच दर ठेवला आणि दुसऱ्या रकान्यात तासाला चार रुपये लिहिले. लिहिताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बंडोपंतांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. दुसऱ्या टेंडरवाल्याने सात लिहिले होते, म्हणून कंत्राट रूपरावांनाच मिळालं.

नोव्हेंबरपासून काय झालं ते पाहून त्यांना परत एकदा धक्का बसला. लाइनीवर एक नवा रूळ पडला नव्हता. गाड्या तितक्याच, माळरानात तशाच उभ्या. पण सकाळचे फोन बंद झाले. कंट्रोलचा माणूस आता आधी सावळी रोडला विचारायचा, गाडी लूपला लागली का, मग जीप निघायची, वीस मिनिटांत माणसं बदलायची, जीप परत. फेऱ्या एकतीसच्या चौऱ्याहत्तर झाल्या. ड्रायव्हर ताजे इंजिनावर चढू लागले. प्रभाकरराव म्हणायचे, "रूपराव, तुमी आमची लिंबाखालची झोप घेतली." आणि जी थांबण्याची रक्कम लिहायला दोन वर्षं लाज वाटली, ती मिळायची वेळच फारशी येईना. सगळ्या महिन्यात जीप थांबली अकरा तास.

हप्ते १९८४ मध्ये फिटले. जीप आणखी तीन वर्षं चालली, मग रूपरावांनी ती विकली आणि बोरगावातच पंक्चरचं दुकान टाकलं. बंडोपंत त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेले होते.

नोव्हेंबर १९८१ च्या बिलात थांबण्याचे चव्वेचाळीस रुपये मांडले होते. त्यातल्या एका तासाच्या चिठ्ठीवर गार्डची सही नव्हती, म्हणून चाळीसच मिळाले. सही नंतर आणून दिली होती. रेल्वेकडून ते चार रुपये अजून येणे आहेत.